कराराआधीचा न्याय

दसऱ्याच्या आगेमागे नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्याच्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीच्या मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. ‘कोयता’ ठरतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. कुणाच्या डोक्यावर बहिणीच्या लग्नाचं देणं असतं, कुणाच्या दवाखान्याचं, कुणाला नुसतं वर्ष काढायचं असतं. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मोजून दिली जाते, बॉन्डवर सही किंवा अंगठा होतो. कागदावर बहुधा हातउसने पैसे घेतल्याचं लिहिलेलं असतं. खऱ्या अटी तोंडी असतात आणि त्या सगळ्यांना पाठ असतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत यायचं नाही. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जायचं. आणि काम चुकलं की खाडा, दिवसाला पाचशे रुपये, कुठे त्याहून जास्त. जोडीतलं एक जण तापाने पडलं तरी खाडा बसतो, कारण अर्ध्या जोडीने मोळ्या बांधून गाडी भरत नाही.

या व्यवहाराबद्दल विचारलं की दोन्ही बाजूंकडून एकच उत्तर मिळतं: ठरलं ते ठरलं. कुणी कुणाच्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. पैसे घेताना माणूस शुद्धीवर होता, अटी त्याला ठाऊक होत्या. मग अन्याय कुठे आहे? हे उत्तर ऐकून आपल्याला पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येत नाही. करारात नसलेलं, मुकादमाने कबूल न केलेलं, कामगारानेही न मागितलेलं असं काहीतरी या माणसाला देणं लागतो, असं आपलं मन म्हणतं. ते काहीतरी नेमकं काय आणि ते कुठून येतं, या प्रश्नाचं सर्वांत जुनं उत्तर म्हणजे नैसर्गिक कायद्याचा सिद्धांत. माणसांनी केलेल्या कायद्यांच्या आणि करारांच्या आधी एक न्याय असतो. तो माणसाच्या माणूसपणातूनच येतो, बुद्धीला कळतो, आणि सगळे कायदे नि करार त्याच्यावर घासून पाहायचे असतात. मला हा सिद्धांत खरा वाटतो. मात्र तो कुणाच्या हातात आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं, आणि आपल्या भागाला त्याचे दोन्ही अनुभव आहेत.

१८९१ साली एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन जगांतून या विषयावरची दोन महत्त्वाची लिखाणं बाहेर पडली. मे महिन्यात पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरम नोव्हारम’ हे कामगारांच्या स्थितीवरचं धर्मपत्र काढलं. युरोपातल्या गिरण्यांमध्ये तेव्हा हेच म्हटलं जात होतं की मालक-मजुराने जे ठरवलं तेच योग्य वेतन. लिओंनी उत्तर दिलं की करार खुशाल करा, पण कुठल्याही करारापेक्षा जुना असा निसर्गाचा न्याय आहे: काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं पोट भरेल इतकं वेतन असलंच पाहिजे. गरजेपोटी किंवा याहून वाईट वेळ येईल या भीतीने त्याने कमी पत्करलं, तर त्याच्यावर बळजबरी झाली असंच समजायचं.

त्याच वर्षी पुण्यात महात्मा फुल्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ प्रसिद्ध झालं. १८८८ साली पक्षाघाताने उजवी बाजू गेल्यावर फुल्यांनी ते डाव्या हाताने लिहिलं, आणि छापून येण्याआधीच, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, ते वारले. तरुणपणी त्यांनी टॉमस पेन यांचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं होतं. पण सत्यधर्मात पेनची नक्कल नाही. निर्मिकाने, म्हणजे निर्मात्याने, सर्व स्त्री-पुरुषांना जन्मतःच स्वतंत्र आणि सारख्या अधिकारांचे मालक केलं आहे, आणि एका माणसाने दुसऱ्याचा अधिकार दडपणं हे त्या निर्मितीविरुद्धचं वर्तन आहे, असा त्यांचा पाया. लिओ चर्चच्या सर्वोच्च आसनावरून बोलत होते आणि फुले सगळ्या पोथ्या बाजूला सारून. तरीही दोघे पोचले ते एकाच ठिकाणी: माणूस आधी, करार नंतर, माणूस आधी, रूढी नंतर.

या विचाराची मुळं लांबवर गेलेली आहेत. सॉफोक्लीजच्या नाटकातली अँटिगनी राजाची बंदी मोडून भावाचं दफन करते आणि त्याहून जुन्या, न लिहिलेल्या कायद्याचा दाखला देते. स्टोइक विचारवंतांनी या भावनेला तत्त्वज्ञानाचं रूप दिलं. सिसेरोने मांडलं की खरा कायदा म्हणजे निसर्गाशी सुसंगत अशी सद्बुद्धी. ती रोममध्ये एक आणि अथेन्समध्ये दुसरी असू शकत नाही. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस यांनी त्याची पक्की घडण केली. जग चालवणारी ईश्वराची योजना हा शाश्वत कायदा. बुद्धी असलेला प्राणी म्हणून माणसाचा त्यात जो वाटा, तो नैसर्गिक कायदा. भलं करावं, वाईट टाळावं हे त्याचं पहिलं सूत्र. आणि भलं म्हणजे काय हे माणसाच्या ओढींवरून कळतं: जगण्याची ओढ, मुलंबाळं वाढवण्याची ओढ, चार माणसांत राहण्याची आणि सत्य जाणण्याची ओढ. या ओढींना चिरडणारा कायदा हा कायद्याचा विपर्यास आहे, असं अक्वायनस सांगतात. १६२५ मध्ये डच विधिज्ञ ह्युगो ग्रोशिअस यांनी पुढचं पाऊल टाकलं: देव नाही असं घटकाभर धरलं, तरी हा कायदा उरतोच. इथून पुढे श्रद्धावंत आणि नास्तिक दोघांनाही तो विचार बोलता येऊ लागला.

आपल्याकडे ही कल्पना बाहेरून आणावी लागली नाही. वेदांतलं ऋत म्हणजे सूर्य-पावसाला आणि माणसाच्या वागण्याला एकत्र बांधणारी व्यवस्था, आणि वरुण तिचा राखणदार. धर्मशास्त्रांनी वर्णधर्मासोबत सर्वांसाठीचा एक सामान्यधर्मही सांगितला. अहिंसा, सत्य, चोरी न करणं, शुचिता आणि इंद्रियनिग्रह हे चारही वर्णांना सारखेच लागू आहेत, असं मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातही आहे. इस्लाममध्ये फित्रतची कल्पना आहे: प्रत्येक मूल एका मूळ, निर्मळ प्रकृतीसह जन्माला येतं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात कष्ट करून खाणं आणि वाटून खाणं ही दोन कर्तव्यं कुणालाही जात न विचारता लंगरच्या पंगतीत रोज पाळली जातात.

आणि मुखेडहून उदगीर-बीदरच्या वाटेने गेलं की कल्याण आहे, आजचं बसवकल्याण. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी तिथे कायक आणि दासोह ही दोन तत्त्वं दिली. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम, आणि कुठलाही श्रम हलका नाही. दासोह म्हणजे त्या श्रमातून आलेलं समाजाला वाटून देणं. बसवेश्वरांच्या अनुयायांच्या, म्हणजे शरणांच्या, परंपरेत आयदक्की लक्कम्माची कथा सांगतात. तिचा नवरा मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी. एकदा तो नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला, तेव्हा तिने ते परत ठेवून यायला सांगितलं. गरजेपुरतं आपलं, वरचं आपलं नाही. कुठल्याही कायद्याने हे तांदूळ परत करायला लावले नसते. चोरीही झाली नव्हती. तरी गरज आणि हाव यांतली रेघ त्या बाईला स्वच्छ दिसत होती. मुखेड, देगलूर, उदगीरच्या लिंगायत घरांतून ही परंपरा अजून जिवंत आहे. त्याच परंपरेच्या घरांत उसाचा फड, कारखान्याचा शेअर किंवा मुकादमीही असू शकते, हे मात्र त्या घरांनी लक्षात ठेवायला हवं.

इथवर सगळं गोमटं वाटतं. पण या सिद्धांताची दुसरी बाजू भयंकर आहे, आणि ती झाकली तर त्याच्या बाजूने बोलण्याचा हक्क राहत नाही. काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात, असं ॲरिस्टॉटलने लिहिलं. १५५० साली स्पेनमधल्या वायादोलिदला अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांवर वाद भरला, तेव्हा स्पॅनिश पंडित सेपुल्वेदाने हेच वाक्य हत्यारासारखं वापरलं. समोर उभा राहिलेला धर्मगुरू लास कासास त्याच नैसर्गिक कायद्याच्या आधारे म्हणत होता की ही माणसंही आपल्यासारखीच बुद्धी असलेली आहेत. १८६० च्या भारतीय दंडविधानातल्या कलम ३७७ ने निसर्गक्रमाचं नाव घेऊन किती आयुष्यं भीतीत ठेवली! सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरती ती भीती दूर केली.

आणि आपल्या गावगाड्याचं काय? ज्या मनुस्मृतीत सर्वांसाठीची अहिंसा आहे, तिच्यातच जन्मावरून माणसाची पायरी ठरवलेली आहे, आणि ती पायरी निसर्गाने, ब्रह्मदेवाने घालून दिली असं सांगितलेलं आहे. १९२७ साली महाडच्या तळ्यावर आणि मग मनुस्मृतीच्या होळीत डॉ. आंबेडकरांनी या खोट्या निसर्गालाच आव्हान दिलं. पाणी सगळ्यांना लागतं हा निसर्ग. अमक्याने स्पर्श केला की पाणी बाटतं ही माणसाची बनावट. पुढे ‘जातिनिर्मूलन’ मध्ये त्यांनी दाखवलं की जात ही कामांची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, आणि तिचा माणसाच्या नैसर्गिक आवडीनिवडीशी, कुवतीशी काही संबंध नाही. ज्याला धर्म म्हणतात तो हुकूम आणि मनाईंचा ढीग आहे. खरा धर्म तत्त्वांचा असतो आणि तत्त्व माणसाला विचार करायला लावतं, हा त्यांचा मुद्दा अक्वायनसने आनंदाने मान्य केला असता.

तेव्हा निसर्गाचं नाव घेणाऱ्यांत निवड करावी लागते. माझी कसोटी अशी. माणसामाणसांत जे समान आहे, म्हणजे भूक, तहान, वेदना, थकवा, लेकराची माया, विचार करण्याची आणि का असं विचारण्याची शक्ती, त्याकडे बोट दाखवून कुणी हक्क सांगत असेल, तर तो निसर्गाला धरून बोलतो. पायरी, जन्म, मक्तेदारी यांकडे बोट दाखवून कुणी निसर्ग म्हणत असेल, तर तो रूढीला निसर्गाचे कपडे घालतो. भुकेला कुठल्याही शाळेत शिकवावं लागत नाही. उतरंड मात्र प्रत्येक पिढीला दम देऊन शिकवावी लागते. तिच्या रक्षणासाठी बहिष्कार लागतो, काठी लागते. ज्या गोष्टीला इतका पहारा लागतो ती नैसर्गिक कशी?

यावर तत्त्वज्ञानातले दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला डेव्हिड ह्यूमचा: जे आहे त्यावरून जे असायला हवं ते निघत नाही. माणसाला भूक लागते हे खरं. म्हणून त्याला कुणी जेवण द्यायला हवं हे त्यातून कसं सिद्ध होतं? तर्काच्या पातळीवर ह्यूम बरोबर आहे. पण कर्तव्याचा विचार कोऱ्या पाटीवर कधीच सुरू होत नाही. खाडा कापणारा मुकादमही स्वतःच्या थकव्याला, स्वतःच्या लेकीच्या आजाराला किंमत देतो. ती किंमत त्याने कुणाकडून सिद्ध करून घेतलेली नसते. १९८० मध्ये जॉन फिनिस यांनी या सिद्धांताची नवी मांडणी करताना हेच धरलं: जीवन, ज्ञान, मैत्री ही मूलभूत हितं वस्तुस्थितीवरून काढलेली नसतात, कृतीचा विचार करू लागणारी बुद्धी ती आधीच ओळखत असते. आपल्यासाठी जे हित आहे ते तशाच देहामनाच्या दुसऱ्या माणसासाठी हित नाही, असं म्हणायचं असेल तर कारण देण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर येते. आणि जन्माखेरीज असं कारण आजवर कुणाला सापडलेलं नाही.

दुसरा आक्षेप बेंथमचा: सरकारने दिल्याशिवाय हक्क नसतात, नैसर्गिक हक्क ही निव्वळ बडबड आहे. या आक्षेपाची परीक्षा आपल्या देशाने दिली आहे. आणीबाणीत, ऑक्टोबर १९७५ मध्ये, वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. कर्जाच्या बदल्यात माणसाचे श्रम बांधून घेणं गुन्हा ठरला. त्याच आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निर्णय दिला की हक्क स्थगित असताना बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. एका हाताने बेड्या काढणाऱ्या सरकारला दुसऱ्या हाताने जगण्याचाच हक्क गोठवता आला. सरकारने दिला म्हणूनच हक्क असेल तर यात तक्रार करायला जागाच नाही. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी विरोधात लिहिलं: जीवन आणि स्वातंत्र्य ही राज्यघटनेने दिलेली भेट नाही, ती घटनेच्या आधीही होती. सरन्यायाधीशपदावरचा त्यांचा हक्क पुढे डावलला गेला.

बहुमतातल्या चौघांत पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. ४१ वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खाजगीपणाच्या हक्काच्या निकालात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांचा तो निर्णय चुकीचा होता असं लिहून ठेवलं. जीवन आणि स्वातंत्र्य हे माणसापासून वेगळे न करता येणारे नैसर्गिक हक्क आहेत, राज्य ते देत नाही म्हणून काढूनही घेऊ शकत नाही. चौघांतले दुसरे होते पी. एन. भगवती. १९८२ साली एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात त्यांनीच निकाल दिला की किमान वेतनाहून कमी पैशांत कुणी राबत असेल, तर त्याच्या मागे भुकेची बळजबरी आहे असं समजावं आणि ते घटनेच्या २३ व्या कलमाने मनाई केलेलं सक्तीचं काम मानावं. लिओंनी १८९१ मध्ये म्हटलेलं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने असं कायद्यात उतरवलं. चांगला कायदा वरून टपकत नाही. आधी कुणीतरी न लिहिलेला न्याय ओळखावा लागतो, मग तो लिहिला जातो.

आता बालाघाटच्या कुशीतल्या या माळरानाकडे पाहू. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, लेंडी धरणाचं काम १९८० च्या दशकात सुरू होऊन कित्येक वर्षं रेंगाळलेलं. दिवाळीनंतर मुखेड, कंधार, लोह्याच्या कित्येक वस्त्यांत म्हातारी माणसं आणि कुलपं उरतात. बंजारा, हटकर, मातंग, बौद्ध, मराठा, मुसलमान, सगळ्यांत हे स्थलांतर कमी-जास्त आहे. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती हवीच होती. पण दर वाढल्याने खाड्याचा नियम बदलत नाही, आणि माझ्या मते खरा अन्याय खाड्यात आहे.

खाडा नेमका काय सांगतो ते पाहा. बाईला पाळी येते, पोटात दुखतं. गर्भारपण येतं, बाळंतपण येतं. पोराला ताप भरतो. हे सगळं देहाच्या स्वभावाचं आहे. खाड्याचा नियम या स्वभावालाच दंड लावतो. दिवसाची मजुरी बुडते, वर दंड बसतो, आणि तो उचलीत मिळवला जातो. जिथे करार देहाच्या नियमाशी असा भिडतो, तिथे वाकावं लागतं देहाला. २०१९ साली बीड जिल्ह्यात डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर हे उघड झालं: पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. सगळ्याच शस्त्रक्रिया खाड्यामुळे झाल्या असं कुणी म्हणू नये. पण पिशवी काढली की कटकट मिटते, कामाला बरं, हा हिशोब बायांच्या तोंडी येतो, यातच सगळं आलं. फुल्यांच्या भाषेत, निर्मिकाने दिलेल्या शरीरातून एक अवयव कमी करून ते कराराच्या मापात बसवलं गेलं. अक्वायनसच्या भाषेत, जगण्याची आणि लेकरं वाढवण्याची ओढ चिरडणारा नियम हा नियमच नव्हे.

मुकादम म्हणतो, मीही कारखान्याकडून आगाऊ पैसे घेतलेत, कोयता पळाला तर माझं घर जातं. हे खोटं नाही. उचल घेऊन पसार होणाऱ्या टोळ्याही असतात. म्हणूनच हा प्रश्न एका माणसाच्या वाईटपणावर ढकलून सुटणार नाही. कारखाना ऊस तोडून घेतो, पण तोडणाऱ्याला आपला कामगार म्हणत नाही. जोखीम खाली खाली सरकत शेवटी त्या बाईच्या पोटावर येऊन थांबते.

अशा व्यवहाराला लगाम घालता येत नाही हेही खरं नाही. याच मुलखात १९३६ साली निजाम सरकारला कर्जापोटी राबवून घेण्याच्या भगेला करारांवर बंधनं आणावी लागली होती. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा करून ओझी उचलणाऱ्या हमालांना मंडळ, भविष्यनिर्वाह निधी आणि मालकाची जबाबदारी मिळवून दिली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला, त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि हाताला काम मागणं हा हक्क ठरला. प्रत्येक वेळी करणाऱ्यांनी आधी हेच मान्य केलं होतं की काही गोष्टी सौद्याच्या पलीकडच्या आहेत.

ऊसतोडीतही तेच करावं लागेल. खाडा बेकायदा ठरवा. आजारपण, पाळी आणि बाळंतपणाला सुटी असू द्या. माथाडीसारखं मंडळ करून उचल त्याच्यामार्फत द्या आणि ती पुढच्या हंगामात ओढता येणार नाही असं लिहा. पती-पत्नीला कोयता म्हणून मोजू नका. बाईच्या नावाने वेगळी नोंद आणि वेगळी मजुरी असू द्या. फड जिथे असेल तिथे कारखान्याला मुख्य मालक समजून जबाबदार धरा. वेठबिगारीचा १९७६ चा कायदा आणि एशियाडचा निकाल तालुक्याच्या कचेरीत कपाटाबाहेर काढा. यातली कुठलीही मागणी दयेची नाही. अंगठा उठवणाऱ्या माणसाला अटी वाचता आल्या नसतील, त्याला १८९१ ची दोन्ही लिखाणं ठाऊक नसतील, त्याने स्वतः ‘ठरलं ते ठरलं’ असं म्हटलेलंही असेल. तरी त्याला मिळायला हवं ते त्याच्या संमतीने घटत नाही, कारण ते कराराने आलेलंच नव्हतं. जो हक्क माणूस असण्यातून येतो तो विकण्याचा अधिकार गरजेपोटी हात पुढे करणाऱ्यालाही नसतो, आणि विकत घेण्याचा अधिकार तर कुणालाच नसतो.